पहिलं बाळंतपण आणि जावयाचा व्हिसा

पहिलं बाळंतपण माहेरी, हा मराठी घरांतला अलिखित कायदा आहे, आणि अलिखित असल्यामुळेच त्यात कुणाला दुरुस्ती सुचवता आलेली नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकतं, मुलगी माहेरी जाते, आई डिंकाचे आणि अळिवाचे लाडू वळायला घेते, आणि जावईबापू शनिवार-रविवारी येऊन-जाऊन असतात. ही सगळी व्यवस्था सांगली-सातारा किंवा फार तर पुणे-नागपूर एवढ्या अंतरासाठी बेतलेली आहे. माहेर न्यू जर्सीतल्या एडिसनला असेल तर काय करायचं, हे आपल्या आज्यांनी सांगून ठेवलेलं नाही. आणि अशी माहेरं आता काही नवलाची राहिलेली नाहीत. आईवडील नव्वदच्या दशकात तिकडे गेले, मुलगी तिकडेच जन्मली, अमेरिकन पासपोर्टवर वाढली, नोकरीच्या निमित्ताने पुण्यात आली आणि औंधातल्या मुलाशी लग्न करून इथेच राहिली. अमेरिकन सरकारच्या दृष्टीने ती परदेशात राहणारी नागरिक झाली. नवरा मात्र आपल्याच गावात राहून परदेशी ठरला. तिला दिवस गेले, तिला माहेरी जायचंय, जमलं तर तिकडेच संसार थाटायचाय, आणि बाळाचा बाप सोबत असावा अशी तिची अपेक्षा आहे. अपेक्षा काही अवाजवी नाही. पण सासुरवाडीला जायला व्हिसा लागतो आणि तो मागायचा तर एक फाइल उघडावी लागते.

ती फाइल आय-१३० नावाच्या अर्जाने सुरू होते. त्यात बायको सरकारला कळवते की हा माणूस माझा नवरा आहे. सरकार लगेच विश्वास ठेवत नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, आपल्याकडे काही घरांत हे पटायला तिसरा दिवाळसण उजाडावा लागतो. १ एप्रिल २०२४ पासून या अर्जाची फी कागदावर भरला तर ६७५ डॉलर आणि ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर झाली. अर्ज मंजूर झाला की फाइल जाते न्यू हॅम्पशर राज्यातल्या पोर्ट्समथ गावी, नॅशनल व्हिसा सेंटरकडे. तिथे ३२५ डॉलर आणि १२० डॉलर अशा आणखी दोन फिया, पोलिसांचे दाखले, जन्माचे दाखले, आणि बायको नवऱ्याला पोसू शकते याचं हमीपत्र. तिचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट हवं. शिवाय ती पुण्यात राहते, म्हणून आपण खरंच अमेरिकेत परत बिऱ्हाड करणार आहोत याचाही पुरावा तिनेच द्यायचा. मग नवऱ्याची वैद्यकीय तपासणी आणि शेवटी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. यातल्या पहिल्या टप्प्यालाच हल्ली वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं. पुढच्या टप्प्यांचे महिने वेगळे.

आता बाळाकडचा हिशेब पाहा. गर्भारपण ४० आठवड्यांचं, म्हणजे २८० दिवसांचं धरतात आणि ते शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे पहिले दोन आठवडे बाळाचा पत्ता नसतानाच त्याच्या खात्यावर पडलेले असतात. घरात बातमी कळेपर्यंत सहा आठवडे सरतात. शेवटच्या चार आठवड्यांत बहुतेक विमान कंपन्या चढूच देत नाहीत. ३६ आठवडे ही त्यांची नेहमीची हद्द, जुळी असतील तर ती आणखी अलीकडे येते. म्हणजे फॉर्म शोधण्यापासून विमानात बसेपर्यंत हातात राहतात जेमतेम सात महिने, आणि तेही उलट्या, सोनोग्राफ्या आणि नातेवाईकांचे सल्ले वजा न करता. अमेरिकन वेळापत्रक आखताना कुणाच्या तरी नजरेसमोर हत्तीण असावी. तिचा गर्भकाळ १८ ते २२ महिन्यांचा असतो. तिच्या नवऱ्याचा व्हिसा अगदी बारशाच्या आधी हातात पडला असता.

घाई करून मागायची सोय नाही असं मात्र नाही. या कार्यालयांकडे तातडीच्या विनंतीची पद्धत आहे, तिचे निकष जाहीर आहेत, आणि मान्य करायचं की नाही हा सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न आहे हेही जाहीर आहे. मोठं आर्थिक नुकसान, आणीबाणीचा किंवा माणुसकीचा प्रसंग, सरकारचं स्वतःचं हित, कार्यालयाकडूनच झालेली उघड चूक, असे ते निकष. विनंती करायची वाट बहुधा एका संगणकीय मदतनीस बाईंच्या दारावरून जाते. त्यांचं नाव एमा. स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्यावर जिची कविता लावलेली आहे त्या एमा लाझारसवरून ते ठेवलेलं. कवयित्रीने जगभरच्या दमल्याभागल्यांना बोलावणं धाडलं. आताच्या एमाबाई तेवढ्या भावुक नाहीत, त्या आधी पावती क्रमांक विचारतात. फाइल पोर्ट्समथला पोचलेली असेल तर नियम आणखी स्पष्ट आहे. डॉक्टरांचं पत्र हवं, त्यावर त्यांचा पत्ता-फोन हवा, आणि जीवन-मरणाची वैद्यकीय आणीबाणी आहे असं त्यात म्हटलेलं हवं.

इथे खरी गंमत सुरू होते. पुण्यातल्या कुठल्याही प्रसूतिगृहाची फाइल उघडून बघा. वर जी-१ पी-० असं लिहिलेलं, म्हणजे पहिलीच खेप. खाली शेवटच्या पाळीची तारीख, तिच्याखाली ईडीडी म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख, मग दर भेटीचं वजन, बीपी, हिमोग्लोबिन, बाळाचे ठोके. सोनोग्राफीच्या कागदावर बाळाचं लिंग पाहून सांगितलेलं नाही अशी कायद्याने सक्तीची ओळ; असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रानेच केला. घरातल्या प्रत्येकाला जे जाणून घ्यायचंय ते लपवलेलं आणि ज्याच्यात कुणाला रस नाही ती तारीख ठळक अक्षरांत. आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरांचा शेरा: सर्व नॉर्मल. या दोन शब्दांवर सासूबाई देवापुढे साखर ठेवतात, आणि त्याच दोन शब्दांवर तातडीची विनंती बसते. प्रकृती उत्तम असणं हाच अर्जातला दोष ठरतो.

मग साहजिकच पत्राचं साहित्य सुरू होतं. बीपी थोडं वर गेलं की ते पत्रात येतं. पायावर सूज आली की घरात काळजी आणि मनात हळूच समाधान, असा चमत्कारिक प्रकार होतो. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर वैद्यकीय भाषेत अशा पहिलटकरणीला 'एल्डर्ली' म्हणायचा जुना प्रघात आहे. एरवी हा शब्द कानावर पडला असता तर बाईंनी डॉक्टर बदलले असते. आता त्या स्वतः विनंती करतात की तो शब्द पत्रात घाला आणि जमलं तर त्याखाली रेघ ओढा. डॉक्टर बिचारे संकोचतात. त्यांचं सगळं शिक्षण माणसाला धीर देण्याचं आणि इथे त्यांच्याकडून घाबरवण्याचं काम अपेक्षित असतं. ते 'प्रवास लवकर झालेला बरा' असं मवाळ वाक्य लिहितात, शिक्का मारतात. पोर्ट्समथच्या टेबलावर या वाक्याचा अर्थ 'प्रवास उशिरा झाला तरी चालेल' असाच होणार. जी व्यवस्था खऱ्याला नकार देते आणि अतिशयोक्तीला मंजुरी, तिच्यात माणसं अतिशयोक्तीकडेच झुकणार. त्यांना लबाड म्हणण्याआधी फॉर्मवरचा रकाना बघावा.

माझं म्हणणं एवढंच आहे की गरोदरपण चुकीच्या खिडकीवर उभं केलं गेलंय. आणीबाणी म्हणजे जी आधी कळत नाही ती. अपघात, भूकंप, हृदयविकाराचा झटका. बाळंतपण याच्या नेमकं उलट आहे. जगातल्या वैयक्तिक घटनांमध्ये इतक्या आधीपासून इतक्या नेमकेपणाने जाहीर होणारी दुसरी घटना सापडणं कठीण. लग्नाची तारीख हॉल मिळेपर्यंत पुढे सरकते, फ्लॅटचा ताबा तर बिल्डरच्या मनात येईल तेव्हा. बाळ मात्र दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे करून येतंच, आणि मुदतवाढ मागत नाही. त्याची दया येण्याची गरज नाही, ते वेळापत्रकात लिहून घेण्याची गरज आहे. अर्जदाराने किती टाहो फोडला यावर फाइल हलवण्याऐवजी फाइलवर ईडीडी लिहावी आणि त्या तारखेआधी निकाल लागावा, मग तो होकार असो की नकार. नकारसुद्धा वेळेवर आला तर माणूस एडिसनऐवजी औंधात खाट मांडतो. त्रास होतो तो अधांतरी राहण्याचा.

हे कार्यालयाला जमणार नाही असं कुणी म्हणेल, तर पुरावे त्यांच्याच घरात आहेत. १ फेब्रुवारी २०२० पासून परदेशात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांनाही आय-१३० अमेरिकेतच पाठवावा लागतो. त्याआधी काही शहरांतल्या अमेरिकन इमिग्रेशन कार्यालयांत तो देता येत असे आणि काम बरंच लवकर आटोपत असे. आता कॉन्सुलेटने अर्ज जागेवर घ्यायचा तो अपवादात्मक परिस्थितीत. त्या अपवादांची यादी वाचण्यासारखी आहे. तिच्यात लष्करी कारणं आहेत, जिवाला धोका आहे, दत्तक मूल आहे. ज्याचं वय मर्यादा ओलांडायला आलंय असं मूल आहे. वैद्यकीय आणीबाणीच्या कलमात गरोदरपणाचा उल्लेखही आहे, पण अटीसह: प्रवास लांबल्याने आईला किंवा बाळाला वैद्यकीय धोका किंवा कमालीचा त्रास होणार असेल तरच. आणि त्याच यादीत पुढे आहे नोकरीतली अचानक बदली. परदेशात काम करणाऱ्या नागरिकाला कंपनीने थोड्या अवधीत अमेरिकेत बोलावलं तर तो अपवाद ठरू शकतो. म्हणजे मॅनेजरने पुढच्या महिन्यात हजर व्हा म्हटलं की ती परिस्थिती अपवादात्मक. बाळाने जूनमध्ये हजर होतो म्हटलं तर आधी धोका सिद्ध करा. मॅनेजर तारीख बदलू शकतो, झूमवर भेटू शकतो. बाळाकडे तशी सोय नाही.

वय उलटणाऱ्या मुलाचा अपवाद तर माझ्या बाजूचा सर्वांत चांगला साक्षीदार. त्या मुलाला कुठलाही आजार नसतो. त्याचा एकविसावा वाढदिवस जवळ आलेला असतो, बस. तिथे कुणी जीवन-मरणाचं पत्र मागत नाही, दिनदर्शिका पाहिली की पुरे. दरवर्षीच्या व्हिसा लॉटरीचंही तसंच. भारतीयांना तिच्यात भाग घेता येत नाही, त्यामुळे तिची आपल्याला फारशी ओळख नाही. पण कायद्याप्रमाणे त्या व्हिशांचं वर्ष ३० सप्टेंबरला संपतं आणि १ ऑक्टोबरला नशीबवानाचं नशीब रद्दी होतं. त्यामुळे ती तारीख डोळ्यांसमोर ठेवूनच तिथली कामं चालवावी लागतात. आणि गरोदर बाई हा प्राणी कार्यालयाला अपरिचित आहे असंही नाही. उलट प्रकरण असेल, म्हणजे नवरा नागरिक आणि गरोदर बायको व्हिसा मागणारी, तर वैद्यकीय तपासणीच्या सूचनांमध्ये तिचा तपशीलवार विचार केलेला आहे. छातीचा एक्स-रे पोटावर संरक्षक आवरण ठेवून काढावा किंवा बाळंतपणानंतरपर्यंत थांबावं, गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी आत्ता देऊ नयेत, वगैरे. तपासणीच्या खोलीत जे पोट सगळ्यांना दिसतं ते फाइलींच्या खोलीत गेल्यावर अदृश्य होतं.

पैशाने वेग येतो, हा तर जगजाहीर पुरावा. एच-वन-बी कामगाराचा अर्ज करणारी कंपनी जास्तीची फी भरून प्रीमियम सेवा घेते आणि कामाच्या १५ दिवसांत उत्तर मिळवते. २०२४ मध्ये ही जास्तीची फी २,८०५ डॉलर झाली. हिंजवडीतल्या कितीतरी घरांचं बिऱ्हाड या १५ दिवसांवर हललेलं आहे. आय-१३० साठी मात्र ही सेवा नाही. प्रोग्रॅमर पंधरा दिवसांत मिळतो, नवरा नाही. ब्रिटनने तिकडे वेगळाच तोडगा काढलाय, तिथे नवरा-बायकोच्या व्हिशालाही ५०० पौंड जास्त मोजून प्राधान्य घेता येतं. मला तो तोडगा आवडत नाही. बाळंतपणाची तारीख गरीब-श्रीमंत दोघींची सारखीच अटळ असते, आणि घाई विकायला काढली की ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांची बाळं वेळेवर आणि बाकीच्यांची उशिरा पोचल्यासारखं होईल. पण हे उदाहरण एवढं सिद्ध करतं की फाइल जलद हलणं निसर्गनियमांविरुद्ध नाही.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप रांगेचा. याच रांगेत कुणाचे वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, कुणी दोन वर्षं नवऱ्याला पाहिलेलं नाही. पोट पुढे करून रांगेत पुढे जाणं हा त्यांच्यावर अन्याय नाही का? आपल्या बसमध्ये गरोदर बाईला जागा देताना हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण बसचं उदाहरण इथे पुरेसं नाही हे मी मान्य करते, कारण बसमध्ये उठणारा उभा राहूनही त्याच वेळी स्टॉपवर पोचतो. इथे एकाची फाइल वर आली की दुसऱ्याची खरंच खाली जाते. तरीही उत्तर आहे. ज्याची वाट पाहण्याची मुदत ठरलेली नाही, त्याचं दुःख आणखी एका महिन्याने एका महिन्याएवढंच वाढतं. ज्याची मुदत ठरलेली आहे, त्याच्या बाबतीत ती उलटली की मागणीच संपते. बाळंतपणाला हजर राहण्याचा व्हिसा बाळंतपणानंतर देता येत नाही. रांग मोडा असं मी म्हणत नाही, मुदत असलेल्यांची रांग मुदतीप्रमाणे लावा एवढंच म्हणते. आणि परदेशात एकत्र राहणाऱ्या जोडप्याची फाइल तशी हलकीच असते. नवरा-बायको दोघंही मुंबईला एकाच दिवशी खिडकीसमोर येऊ शकतात, लग्न खरं आहे का हे विचारायला समोर माणसं आहेत. अल्बममधल्या अंतरपाटाच्या फोटोवरून नवरा ओळखण्याची कसरत अधिकाऱ्याला करावी लागत नाही.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. अशी सवलत ठेवली तर लोक व्हिशासाठी गरोदर राहतील. या आक्षेपाबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण तो करणाऱ्याने बहुधा मूल वाढवलेलं नसतं. फाइल सहा महिने लवकर हलावी म्हणून मळमळ, पाठदुखी, रात्रीची जागरणं आणि पुढची पंचवीस वर्षं पत्करणारा फसव्या माणूस मिळाला तर त्याचा व्हिसा अडवू नये, त्याला एखाद्या मोठ्या प्रकल्पाचा प्रमुख नेमावं. या आक्षेपाचा गंभीर भाऊही आहे. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेने नियम केला की केवळ तिकडे मूल जन्माला घालून त्याला नागरिकत्व मिळवून देण्यासाठी पर्यटक व्हिसा मागितला तर तो नाकारला जाईल. तो नियम योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. आपल्या प्रकरणात आई स्वतःच नागरिक आहे आणि तिला घरी जायला कुणाची परवानगी लागत नाही. नागरिक आईचं बाळ पुण्यात जन्मलं तरी, आई पूर्वी पुरेशी वर्षं अमेरिकेत राहिलेली असेल तर, जन्मतःच अमेरिकन असतं. नवरा परदेशी असेल तर आईची किमान पाच वर्षं, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची, एवढी अट आहे. एडिसनच्या शाळेत शिकलेल्या मुलीला ती जड नाही. म्हणजे बाळाचं नागरिकत्व चोरण्याचा प्रश्नच येत नाही. चोरी असलीच तर ती बापाच्या उपस्थितीची आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात व्यवहारी आणि म्हणून सगळ्यात जास्त वेळा केला जाणारा: तिने एकटीने जावं, त्याने मागून यावं, नाहीतर पर्यटक म्हणून जाऊन यावं. पर्यटक व्हिशाची खिडकी मात्र याच फाइलमुळे अवघड झालेली असते. त्या खिडकीवर प्रत्येक अर्जदार कायमचा राहायला निघालाय असं कायद्यानेच धरून चालायचं असतं, आणि तसं नाही हे त्याने पटवायचं असतं. या जावयाने तर बायकोकरवी लेखीच कळवलंय की मला कायमचं राहायचंय. एका खिडकीवर परत येणार हे सिद्ध करा आणि शेजारच्या खिडकीवर परत येणार नाही हे सिद्ध करा. अशा परीक्षेत आपल्याकडचे वकीलही नापास होतील. त्याच वेळी औंधातल्या त्याच घरातून सासूबाई, म्हणजे नवऱ्याची आई, पर्यटक व्हिसा मागायला गेल्या तर दहा वर्षांचा शिक्का घेऊन येऊ शकतात. महाराष्ट्रातल्या हजारो आया-सासवा असाच शिक्का घेऊन, मेतकूट-भाजणीच्या पिशव्या सामानात कोंबून, कॅलिफोर्निया-टेक्सासला बाळंतपणं करून आलेल्या आहेत. त्यांच्याबद्दल शंका येत नाही, कारण त्या परत येणार हे साऱ्या जगाला माहीत आहे; घरी सासरे एकटे असतात. बाळंतपणाला आजी हजर, आत्या हजर, फक्त बाप औंधात. ज्या कायद्याने १९६५ मध्ये नागरिकाच्या जोडीदाराला 'अगदी जवळचा नातलग' ठरवून कुठल्याही वार्षिक मर्यादेतून मोकळं ठेवलं, त्याच कायद्याच्या वेळापत्रकात तो सगळ्यात लांबचा ठरतो.

'मग इथेच बाळंत व्हा की' हा याचा जोडआक्षेप. खर्चाचं बघितलं तर तो शहाणपणाचाच आहे. भारतात कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे, तीही बिनपगारी, आणि त्याच नोकरीत वर्ष झालेलं असेल तरच. पण कुणी कुठे बाळंत व्हावं हे रजेच्या तक्त्यावरून ठरत नसतं. आई जिथे आहे तिथे जावंसं वाटणं याला पोर्ट्समथच्या फॉर्मवर रकाना नसेल; म्हणून ते कारण खोटं होत नाही.

एवढं सगळं झाल्यावर राहते शिफारस. इथे आपल्या माणसाला एकदम घरच्यासारखं वाटतं. अमेरिकन संसदेतल्या प्रत्येक प्रतिनिधीच्या कार्यालयात नागरिकांच्या अडलेल्या सरकारी कामांचा पाठपुरावा करणारी माणसं असतात. त्यांना आपल्या फाइलबद्दल विचारपूस करण्याचं संमतिपत्र सही करून द्यायचं, की ते चौकशीचं पत्र पाठवतात. आपल्या आमदारांच्या लेटरहेडचा हा पलीकडचा अवतार. फरक इतकाच की तिथे साहेबांच्या घराबाहेर सकाळी सातपासून बसावं लागत नाही आणि चहा मिळत नाही. बेळगावहून गेलेले, मराठी बोलणारे श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून त्या सभागृहात निवडून आले तेव्हा इकडच्या कितीतरी घरांत आपलं कुणीतरी तिथे पोचल्याचा आनंद झाला. पण नियम असा की पत्र आपल्याच मतदारसंघाच्या प्रतिनिधीकडून यायला हवं. एडिसनच्या मुलीला मिशिगनचा मराठी माणूस उपयोगी नाही. आणि चौकशीच्या पत्राने फाइल कुठे आहे ते कळतं; ती लवकर हलेलच असं नाही. पत्र देणाराही तेवढंच सांगतो. आमदारापेक्षा तो एवढा प्रामाणिक असतो, हे कबूल केलं पाहिजे.

कार्यालयाच्या स्वार्थाचा विचार केला तरी तारीख पाळण्यात फायदा आहे. बाळ आधी आलं की एका फाइलीच्या दोन होतात. आता बाळाच्या जन्माची नोंद कॉन्सुलेटमध्ये करायची, त्यासाठी आईच्या पाच वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे, म्हणजे शाळेच्या गुणपत्रिका आणि जुने पासपोर्ट, एडिसनच्या माळ्यावरून काढून आणायचे. बाळाला स्वतः वांद्रे-कुर्ला संकुलात हजर करायचं. पासपोर्टसाठी फोटो काढायचा, ज्यात चेहरा समोर हवा आणि मागे पांढरी पार्श्वभूमी हवी. ज्यांनी महिनाभराच्या बाळाला पांढऱ्या चादरीवर सरळ बघायला लावलंय त्यांना हे किती वेळचं काम आहे ते ठाऊक आहे. आईची ती पाच वर्षं भरत नसतील तर बाळाचाही वेगळा आय-१३०, वेगळी फी. भरत असतील तर बाळ अमेरिकन ठरतं आणि काही आठवड्यांत त्याला पासपोर्ट मिळतो. त्यानंतर घरात दोन नागरिक असतात आणि एक अर्जदार. बापाची फाइल अजून पोर्ट्समथलाच असेल, तर बाळालाही कायद्याने बापासाठी अर्ज करता येतो, फक्त त्यासाठी त्याला आधी एकवीस वर्षांचं व्हावं लागतं.